आफ्रिकन व्हायोलेट की स्ट्रेप्टोकार्पस? खिडकीत एकाच कुंडीची जागा असेल तर

खिडकीत एका कुंडीपुरती जागा आहे. थेट ऊन फारसं येत नाही, उजेड मात्र चांगला आहे, आणि वर्षातला बराच काळ काहीतरी फुललेलं दिसावं एवढीच अपेक्षा आहे. अशा माणसापुढे फिरून फिरून दोनच नावं येतात: आफ्रिकन व्हायोलेट आणि स्ट्रेप्टोकार्पस. मी दोन्ही लावली, एकाच खिडकीत शेजारी-शेजारी सांभाळली, आणि हळूहळू एकाच्या कुंड्या वाढत गेल्या, दुसऱ्याची एकच उरली. त्यामुळे हा आढावा अगदी निष्पक्ष आहे असा माझा दावा नाही. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किती, परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे) किती, खत किती पातळ करून द्यायचं हे दोघांचं जवळपास सारखंच आहे. ते इथे उगाळत बसत नाही.

गंमत म्हणजे कागदोपत्री ही दोन आता वेगळी राहिलेलीच नाहीत. व्हायोलेटची सेंटपॉलिया ही स्वतंत्र प्रजाती 2015 साली मोडीत निघाली आणि तिच्यातली सगळी झाडं स्ट्रेप्टोकार्पसमध्ये जमा झाली. रोपं विकणारे अजून जुन्याच नावांनी विकतात, मीही तेच करतो. आणि दुसऱ्याला नुसतं ‘स्ट्रेप’ म्हणतो, कारण पूर्ण नाव दर ओळीत लिहिण्याचा उत्साह नाही.

एकाच घराण्यातली असली तरी दोघं वाढली फार वेगळ्या ठिकाणी, आणि खिडकीत जे फरक जाणवतात त्यांचं मूळ बरंचसं तिथेच आहे. व्हायोलेट टांझानियातल्या उसांबारा आणि आसपासच्या डोंगरांतलं, थोडंसं केनियाच्या आग्नेय कोपऱ्यातलं. शेवाळलेल्या खडकांच्या कपारीत, झाडांच्या सावलीत, दमट हवेत ते चिकटून असतं. 1892 साली तिथे नेमणुकीवर असलेल्या वॉल्टर फॉन सेंट पॉल-इलेअर या जर्मन अधिकाऱ्याने ते आपल्या वडिलांकडे जर्मनीला पाठवलं आणि पुढच्याच वर्षी त्याला शास्त्रीय नाव मिळालं. उसांबारा विषुववृत्तापासून जेमतेम 5 अंशांवर. तिथे दिवस बाराही महिने जवळपास सारख्या लांबीचा, थंडी-उन्हाळ्याचा चढउतार फार नाही. म्हणून व्हायोलेटला ऋतूंचं सोयरसुतक नसतं. उजेड आणि ऊब मिळत राहिली की ते कधीही कळ्या धरतं.

आजच्या संकरित स्ट्रेपचे पूर्वज दक्षिण आफ्रिकेच्या दक्षिण आणि पूर्व भागातल्या जंगलांतले. त्यातला सगळ्यात जुना ओळखीचा म्हणजे स्ट्रेप्टोकार्पस रेक्सी. त्याचं हे नाव 1828 सालचं आहे. तो जिथे पहिल्यांदा नजरेस पडला ते नायझ्ना 34 अंश दक्षिणेला येतं. तिथे हिवाळा जाणवतो, दिवस लहान-मोठा होतो. त्यामुळे स्ट्रेप थंडीत हात आखडता घेतो, फुलं थांबवतो, जुनी पानं टोकाकडून वाळवत आणतो. गारवा मात्र त्याला व्हायोलेटपेक्षा बराच जास्त सोसतो. कुंडी कोरडी ठेवली तर 10 अंशांपर्यंतही तो तग धरतो. व्हायोलेट 15-16 अंशांखाली गेलं की रुसून बसतं.

फुलांचं म्हणाल तर स्ट्रेप उजवा, हे आधीच कबूल करून टाकतो. वीतभर उंच बारीक दांडा, त्यावर दोन-चार कर्णे, घशातून खालच्या पाकळ्यांवर उतरणाऱ्या गडद रेषा. दांडे पानांच्या वर मोकळे डोलतात, त्यामुळे झाड लांबूनही उठून दिसतं. कापून छोट्या फुलदाणीत ठेवले तर काही दिवस टिकतात. लंडनच्या चेल्सी पुष्पप्रदर्शनात 2010 साली ‘वर्षाचं झाड’ हा मान ‘हार्लेक्विन ब्लू’ या स्ट्रेपला मिळाला होता: वरच्या पाकळ्या निळसर, खालच्या पिवळ्या. असा दुरंगीपणा व्हायोलेटमध्ये शोधायला गेलात तर निराश व्हाल.

व्हायोलेटची फुलं आखूड देठांची, पानांच्या घेराच्या मध्यावर घोळक्याने बसलेली. ती बघायला झुकावं लागतं. पण झुकून बघितलं तर पाकळीवर अगदी बारीक चकाकी दिसते, जणू कुणी चिमूटभर भुकटी भुरभुरली आहे, आणि मधोमध पिवळ्याधमक परागकोशांची जोडी. लांबून बघणाऱ्यांचं झाड स्ट्रेप, जवळून बघणाऱ्यांचं व्हायोलेट, असं मी ढोबळमानाने म्हणेन.

रचनेतला फरकही समजून घेण्यासारखा आहे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. व्हायोलेटला एकच गाभा असतो. पानं त्याच्याभोवती गोल फिरत वाढतात, नवं पान मध्यातून येतं, जुनं खाली कडेला सरकतं. स्ट्रेपला असा गाभाच नाही. त्याचं प्रत्येक पान स्वतःपुरतं एक झाड असल्यासारखं वागतं: मधल्या शिरेच्या बुडाशी एकामागून एक फुलांचे दांडे येतात, पान थकलं की त्याचा कारभार संपतो आणि शेजारचं पान पुढे चालवतं. काही रानटी जाती तर आयुष्यभर एकाच अवाढव्य पानावर जगतात, फुलतात आणि बी धरून मरतात. कुंडीतले संकर तसे नाहीत, पण पानांची ती स्वतंत्र वृत्ती त्यांच्यातही आहे.

आता ती किटकिट, जिच्यामुळे माझं मत ठरलं.

स्ट्रेप मान टाकतो. तहान लागली की टाकतो यात नवल नाही, कुठलंही झाड टाकतं. पण तो पाणी जास्त झालं तरी मान टाकतो, आणि पाण्याचं सगळं ठीक असताना नुसती दुपार तापली तरी टाकतो. तिन्ही वेळा दिसतो अगदी सारखा: लांब पानं कुंडीच्या काठावरून खाली लोंबतात, कडा आत वळतात, हात लावला तर भिजल्या फडक्यासारखी लागतात. बघून काय झालंय ते सांगता येत नाही.

कारण तसं सरळ आहे. पान मोठं आणि पातळ, खोड नावापुरतं, मुळं बारीक आणि वरच्या थरातच पसरलेली. तापलेल्या दुपारी पानातून जेवढं पाणी उडतं तेवढं ही मुळं ओढून देऊ शकत नाहीत, मग माती ओली का असेना. संध्याकाळी हवा उतरली की पानं आपोआप उभी राहतात. अडचण अशी की दुपारी त्याची दशा बघून बहुतेकांचा जीव कळवळतो आणि ओल्या कुंडीत आणखी पाणी पडतं. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. मग पानं संध्याकाळीही उठत नाहीत. उठत नाहीत म्हणून पुन्हा पाणी.

ओळखायची रीत आहे. मातीत बोट घालून फारसं कळत नाही; कुंडी उचलून वजन बघायचं. हलकी लागली तर पाणी द्यायचं, तासा-दोन तासांत पानं ताठ होतात, आणि ते बघायला मजाही येते. जड लागली तर हात मागे घ्यायचा, कुंडी खिडकीपासून थोडी आत सरकवायची आणि दिवस कलायची वाट बघायची. रात्र उलटूनही पान लोळलेलंच असेल तर त्याच्या बुडाशी नीट बघायचं. तिथे काळपट, पाणी भरल्यागत पारदर्शक डाग दिसला की खालचं सगळं गेलं असं धरून चालायचं. वरचा निरोगी पानांचा भाग कापून छाट लावणं एवढंच हातात राहतं.

ही रीत अवघड आहे असं मी म्हणणार नाही. पण तापत्या दिवसांत ती जवळपास रोज करावी लागते, आणि घरात मी सोडून दुसरं कुणी करत नाही. बाकी सगळ्यांना लोळलेलं झाड दिसतं, दया येते आणि हात तांब्याकडे जातो. कितीही बजावलं, कुंडीवर चिठ्ठी चिकटवली तरी ‘अहो, पण बिचारं सुकलं होतं ना’ हे ऐकावं लागतं. ते झाड बघून माझ्याही मनात रोज एक छोटा हिशोब सुरू व्हायचा, आणि खिडकीत ठेवलेल्या झाडाने रोज हिशोब मागावा हे मला हळूहळू जाचायला लागलं. कुणाला हेच आवडू शकतं. सतत लक्ष मागणारं झाड ज्यांना जवळचं वाटतं त्यांनी हा परिच्छेद खुशाल उलटा वाचावा.

व्हायोलेटचं पाण्याचं गणित एकदा बसवलं की बसलं. तळाच्या भोकातून कृत्रिम धाग्याची वात ओवायची, तिचं एक टोक मातीत आणि दुसरं खाली ठेवलेल्या पाण्याच्या डब्यात. माती हलकी असली, म्हणजे निम्म्याच्या आसपास परलाइट असलं, तर झाड लागेल तेवढंच पाणी ओढतं. सुती वात टाळावी, ती लवकर कुजते. डबा रिकामा झाला की भरायचा. हे काम घरातलं कुणीही करू शकतं आणि कुणीही केलं तरी बिघडत नाही, माझ्या दृष्टीने सगळी गोम इथेच आहे. अधूनमधून वरून भरपूर साधं पाणी ओतून साचलेले क्षार धुवून काढावेत. नाहीतर कुंडीच्या काठावर पांढरट थर धरतो आणि त्याला टेकलेले देठ तिथेच जळतात.

स्ट्रेपही वातीवर ठेवणारे लोक आहेत आणि त्यांचं उत्तम चालतं, हे मला माहीत आहे. माझ्याकडे मात्र तो सतत ओला राहिला की नाराजच दिसला. पाणी देऊन मग थोडा कोरडा पडू दिला की खुलायचा. कदाचित माझी खिडकी जरा जास्त उबदार असेल.

व्हायोलेटच्या तक्रारी नाहीत असं मुळीच नाही. पहिली पानांवरच्या डागांची. पान उबदार असताना त्यावर गार पाणी पडलं की फिकट पिवळसर वलयं उमटतात आणि ती कधीच जात नाहीत. म्हणून वरून पाणी द्यायचंच झालं तर खोलीच्या तापमानाचं द्यावं आणि पानांखालून द्यावं. पानांवर धूळ बसली तर मऊ ब्रशने झटकावी. लव असल्यामुळे ओल्या फडक्याने पुसायला जाणं म्हणजे पान खराब करणं.

दुसरी तक्रार गाभ्याची. एकच गाभा असल्याने तिथे पाणी साचून कुजलं तर अख्खं झाड जातं. स्ट्रेपचं एखादं पान गेलं तर बाकीची राहतात. इथे स्ट्रेपला सरळ गुण द्यायला हवा.

तिसरी तक्रार खोडाची. खालची पानं वयाने झडत जातात, खोड उघडं पडतं, आणि झाड काठीवर बसवल्यागत वर उचललं जाऊन एका अंगाला कलतं. यावरचा इलाज पहिल्यांदा ऐकणाऱ्याला क्रूर वाटतो. झाड बाहेर काढायचं, जेवढं खोड उघडं पडलंय तेवढाच मुळांचा गोळा खालून कापून टाकायचा, उघड्या खोडावरची तपकिरी साल बोथट सुरीने हलकेच खरवडायची आणि झाड त्याच कुंडीत खोल बसवायचं, इतकं की सगळ्यात खालची पानं काठाला टेकावीत. खरवडलेल्या भागातून नवी मुळं फुटतात. वरून एक पारदर्शक पिशवी घालून आठवडा-दोन आठवडे ओलावा टिकवला की झाड स्थिरावतं. कुंडी मोठी करायचा मोह मात्र आवरावा. पानांच्या घेराच्या एक तृतीयांश रुंदीची कुंडी पुरते. मोठ्या कुंडीत ते मुळंच वाढवत बसतं आणि कळ्यांना उशीर लावतं.

हे सगळं वर्षातून एकदा, फार तर दोनदा, एखादी सकाळ काढून होतं. बाजूने येणारे फुटवेही तेव्हाच काढून टाकता येतात. ते राहू दिले तर घेराची गोलाई बिघडते आणि फुलं पानांत हरवतात. वर्षातून एक सकाळ मला परवडते, दुपारचा रोजचा हिशोब परवडत नाही.

बाकीच्या गोष्टी झटकन सांगतो. व्हायोलेटची कुंडी दर आठवड्याला पाव वळसा फिरवावी, नाहीतर ते उजेडाकडे झुकून वेडंवाकडं वाढतं. स्ट्रेप मुळातच वेडावाकडा असल्याने त्याला फरक पडत नाही. स्ट्रेपच्या पानांची टोकं तपकिरी होतात, ती कात्रीने कापली तरी उरलेलं पान काम करत राहतं. त्याने पीळदार शेंगा धरल्या तर खुडाव्यात, म्हणजे फुलं लांबतात. दिव्याखाली वाढवायचं असेल तर व्हायोलेट जास्त सोयीचं: बुटकं असल्याने दिवा जवळ ठेवता येतो, दिवसाला 12 ते 14 तास उजेड पुरतो आणि उरलेला वेळ अंधार त्याला हवाच असतो. पारा 30 अंशांच्या पुढे गेला तर दोघंही कळ्या धरणं सोडतात, स्ट्रेप त्याच्या बराच आधी कुरकुरायला लागतो. मांजर-कुत्र्यांच्या दृष्टीने दोन्ही बिनविषारी, तिथे बरोबरी.

किडींचं एकच सांगतो, कारण ते दोघांनाही संपवू शकतं. मध्यातली नवी पानं अचानक बारीक, घट्ट आणि करडी दिसायला लागली तर तो अन्नाचा अभाव नसून बहुधा सायक्लेमेन माइट हा डोळ्यांना न दिसणारा कोळी असतो. खतं घालत बसू नये. झाड ताबडतोब बाजूला करावं, आणि एरवी फार जीव नसेल तर टाकून द्यावं. शेजारच्या कुंड्यांचा जीव वाचतो. पिठ्या ढेकूण त्यामानाने दिसतो तरी. नवीन आणलेलं कुठलंही झाड काही आठवडे वेगळं ठेवणं हे या दोघांच्या बाबतीत फार गरजेचं आहे.

रोपं करण्यात दोघंही उदार आहेत, स्ट्रेप जरा जास्तच. त्याचं एक निरोगी पान घ्यायचं, मधली शीर कापून काढून टाकायची आणि दोन्ही लांब पट्ट्या कापलेल्या कडेवर उभ्या करून ओलसर परलाइट-कोकोपीटमध्ये रोवायच्या. कापलेल्या प्रत्येक शिरेच्या तोंडाशी एक पिलू येतं, म्हणजे एका पानातून डझनभर रोपं सहज. व्हायोलेटचं पान 2-3 सेंटिमीटर देठ ठेवून, देठ तिरका कापून लावायचं; तीन-चार आठवड्यांत मुळं आणि दोन-तीन महिन्यांत पिलं दिसतात. त्यात घाई केली की काम बिघडतं. पिलाची पानं आईच्या पानाच्या निदान एक चतुर्थांश होईपर्यंत वेगळी करू नयेत. पान लावल्यापासून पहिलं फूल यायलाही व्हायोलेट जास्त वेळ घेतं. भराभर रोपं करून वाटायची हौस असेल तर हा मुद्दा स्ट्रेपच्या बाजूने धरा.

तर मग घ्यायचं काय? घर गार असेल, रात्री पारा 12-13 अंशांवर उतरत असेल, तर मी स्वतःसुद्धा स्ट्रेपच घेईन. व्हायोलेट तिथे कुढत बसेल. झाड खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसायला हवं असेल तरी स्ट्रेप. पाणी घालणारा माणूस एकच असेल आणि त्याला कुंडी उचलून बघायची सवय असेल तर माझी अर्धी तक्रार आपोआप गळून पडते. पण घरात चार हात पाणी घालणारे असतील, दुपार तापत असेल, कधी आठवडाभर कुलूप लागत असेल, तर माझा कल व्हायोलेटकडे आहे, आणि खरं सांगायचं तर असं काही नसतानाही आहे.

व्हायोलेट घेताना फुलं बघून भुलू नका, झाड वरून बघा: मध्य मोकळा हवा, नवी पानं ताजी हिरवी, आणि एका कुंडीत एकच गाभा. दोन-तीन गाभे दाटीवाटीने दिसले तर ते भरगच्च वाटतं, पण घरी आणून आधी फोडायचं काम लागतं. स्ट्रेप घेताना लांब पानांचे वाण टाळून आखूड पानांचे बघा, खिडकीत मावतात आणि दुपारी जरा कमी लोळतात.

आणि कुणी व्हायोलेटचं पान देऊ केलं तर आनंदाने घ्या, फक्त फूल आधी पाहून घ्या. पाकळ्यांच्या मधोमध चक्रीसारखे उभे पट्टे असतील तर ते बहुतेक कायमेरा (एकाच झाडात दोन वेगळ्या गुणांच्या पेशींचे थर असलेल्या) जातीचं असतं. त्याच्या पानापासून आलेल्या रोपांत ते पट्टे सहसा उतरत नाहीत, एकरंगी फुलं येतात. तिथे पान नको, बाजूचा फुटवा मागा.